आधीं खर्च, मग कर

बॅरी गोल्डवॉटर यांचें ‘दि कॉन्शन्स ऑफ अ कॉन्झर्व्हेटिव्ह’ हें छोटेखानी पुस्तक 1960 सालीं प्रसिद्ध झालें. आम्हीं तें प्रथम वाचलें तें विद्यार्थिदशेंत, आणि खरें सांगावयाचें तर वाचून बाजूला ठेविलें. सरकारनें कमी करावें असें सांगणारा मनुष्य त्या वयांत एक तर कृपण वाटतो, नाहीं तर धनिकांचा वकील. यंदा राज्यशास्त्राच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें आम्हांस असा प्रश्न केला कीं, अमेरिकेंत जो पक्ष सरकारचा खर्च कमी करण्याच्या गोष्टी उच्च रवानें सांगतो त्याच्याच राजवटींत त्या देशाचें कर्ज इतकें वाढतें कसें? आम्हीं जें उत्तर दिलें त्यानें त्याचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. आमचेंहि झालें नव्हतें. म्हणून घरीं येऊन हें पुस्तक पुन्हां उघडलें. पूर्वींचें आमचें मत कांहीं अंशीं बदललें, कांहीं अंशीं अधिक कठोर झालें. तें येथें मांडीत आहों.

प्रथम एका शब्दाविषयीं. इंग्लंडांतील कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला आपल्या वाडवडिलांनीं ‘हुजूर पक्ष’ असें मोठें समर्पक नांव दिलें होतें. अमेरिकेंत तें चालत नाहीं, कारण तेथें हुजूरच नाहीं. ‘पुराणमतवादी’ म्हटलें कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें सोंवळें उभें राहतें. अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह ज्याचें रक्षण करूं पाहतो ती 1787 सालीं लिहिलेली राज्यघटना, म्हणजे एका यशस्वी बंडाचें अपत्य. आम्ही येथें ‘स्थितिवादी’ हा शब्द योजितों. त्यानें आमचें पूर्ण समाधान झालेलें नाहीं, पण याहून बरा सुचला नाहीं.

पुस्तक गोल्डवॉटर यांच्या नांवावर असलें तरी लेखणी एल. ब्रेंट बोझेल यांची, ही गोष्ट आतां सर्वश्रुत आहे. त्यानें पुस्तकाला बाध येत नाहीं. मतें सेनेटरचींच आहेत आणि भाषेंत फीनिक्स शहरांतील दुकानदार घराण्याचा रोखठोकपणा उतरला आहे. पहिल्याच पानांत ग्रंथकार स्वपक्षीयांवर तुटून पडतात. अर्थकारणांत आपण स्थितिवादी पण माणुसकीच्या प्रश्नांत उदार, असें आयझेनहॉवर म्हणत. निक्सन यांना हृदय असलेले स्थितिवादी हवे होते. गोल्डवॉटर विचारतात, म्हणजे आमच्या तत्त्वाला मुळांत हृदय नाहीं, असेंच ना तुम्ही कबूल करीत आहां? पुढें ते आर्थर लार्सन आणि डीन अॅचिसन यांचीं पुस्तकें शेजारीं ठेवतात. एक रिपब्लिकन, दुसरे डेमोक्रॅट. तरी लोकांना जें हवें असेल तें मध्यवर्ती सरकारनें करावें या एका गोष्टींत दोघांचें एकमत! पक्षांत भेद उरला आहे तो वेगाचा, दिशेचा नव्हे, हा गोल्डवॉटर यांचा आरोप त्या काळापुरता तरी निराधार नव्हता.

कराविषयींचा त्यांचा विचार असा: मनुष्याच्या श्रमाचें फळ ही त्याची मालमत्ता, कर म्हणजे तिचा हिस्सा घेणें, म्हणून घटनेनें जीं कामें मध्यवर्ती सरकारला नेमून दिलीं तेवढ्यांपुरताच कर न्याय्य. घटनेच्या दहाव्या दुरुस्तीनें उरलेले अधिकार संस्थानांस व लोकांस राखून ठेविले आहेत, तेव्हां शेती, शिक्षण, गरिबांचें साहाय्य यांसाठीं वॉशिंग्टननें हात पसरावयाचें कारण नाहीं. चढत्या दराचा प्राप्तीकर त्यांना जप्तीसारखा वाटतो. ज्याच्या त्याच्या संपत्तीचा सारख्याच प्रमाणांत हिस्सा घ्यावा, अधिक नको. त्या वेळीं सर्वांत वरच्या पायरीचा दर शेंकडा 91 होता हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा संताप समजूं शकतो.

समजूं शकतो, पटत मात्र नाहीं. चढत्या दराच्या कराचा शास्त्रशुद्ध ऊहापोह ज्यांनीं केला ते कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक सेलिग्मन मराठी वाचकांस परके नाहींत, डॉ. आंबेडकरांचे ते गुरु, आणि त्यांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील 1925 सालच्या ग्रंथाला त्यांचीच प्रस्तावना आहे. सेलिग्मन यांचा भर मनुष्याच्या देण्याच्या शक्तीवर होता. शंभर रुपयांतून दहा गेले तर ज्याच्या ताटांतली भाकरी जाते, आणि लाखांतून दहा हजार गेले तर ज्याला त्याची जाणीवहि होत नाहीं, अशा दोघांचा त्याग ‘सारखा’ कसा? गोल्डवॉटर या आक्षेपाला उत्तर देत नाहींत. समानतेचा शब्द उच्चारला कीं न्याय सिद्ध झाला असें ते धरून चालतात.

तथापि याच प्रकरणांत एक विचार असा आहे कीं त्यासाठीं आम्ही ग्रंथकारांच्या पुष्कळ चुका पोटांत घालावयास तयार आहों. ते सांगतात कीं, व्यवहारांत खर्चाची कपात आधीं आणि कराची कपात मागाहून झाली पाहिजे; खर्चाविषयीं ठाम निर्णय घेण्यापूर्वींच कर उतरविले तर तूट येईल आणि तुटीमागून महागाई. एवढ्यावर न थांबता, ज्या कामांतून सरकारनें अंग काढावें असें त्यांना वाटतें त्यांवरील खर्च दर वर्षीं शेंकडा दहानें कमी करण्याची योजनाहि ते देतात. ती योजना क्रूर म्हणा, अव्यवहार्य म्हणा. पण ती प्रामाणिक आहे. मतदाराला ती म्हणते: तुझा कर कमी होईल, पण त्याआधीं तुला मिळणारी अमुक वस्तु जाईल, बोल, कबूल आहे?

मतदाराला कबूल नव्हतें. 1964 च्या निवडणुकींत जॉन्सन यांच्यासमोर गोल्डवॉटर यांना 50 पैकीं अवघीं 6 संस्थानें मिळालीं. या पराभवावरून पुढच्या पिढीनें जो धडा घेतला त्यांतच आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर आहे. 1976 सालीं ज्यूड वानिस्की या पत्रकारानें ‘दोन सांताक्लॉज’ यांचा सिद्धांत मांडला. डेमोक्रॅट पक्ष खर्चाच्या भेटी वांटतो आणि रिपब्लिकन पक्ष त्या हिसकावून घेणारा खाष्ट म्हातारा ठरतो. त्यापेक्षां आपणहि सांताक्लॉज व्हावें आणि करकपातीच्या भेटी वांटाव्या, असा त्याचा मथितार्थ. याला दुसरी जोड मिळाली ती तिजोरीच उपाशी ठेवण्याच्या कल्पनेची. मिल्टन फ्रीडमन यांच्यासारख्या थोर अर्थशास्त्रज्ञाचेंहि मत असें कीं, कर केव्हांहि कमी करावे, पैसा नसला म्हणजे सरकारचा हात आपोआप आखडतो. घरांतला मुलगा उधळ्या असेल तर खर्चाला पैसे देऊं नयेत, हा युक्तिवाद दिसावयास सोपा आहे. पण त्या मुलाला साऱ्या जगांत उधार मिळत असेल तर काय?

रेगन यांच्या कारकीर्दींत सर्वांत वरचा दर शेंकडा 70 वरून 50 आणि 1986 च्या कायद्यानें पुढें 28 वर आला. लष्करी खर्च वाढला. मधून मधून त्यांनीं करवाढीच्या कायद्यांवर सह्याहि केल्या, हें त्यांचे भक्त सांगत नाहींत. तरी आठ वर्षांत राष्ट्रीय कर्ज जवळजवळ तिप्पट झालें. थोरल्या बुश यांनीं 1988 सालीं नवे कर न लावण्याचें जाहीर वचन दिलें, 1990 सालीं तूट भरून काढण्यासाठीं तें मोडलें, आणि 1992 सालीं अध्यक्षपद गमावलें. आमच्या मतें त्यांचें वचन देणें चूक होतें, मोडणें नव्हे. पण पक्षानें याच्या नेमका उलट बोध घेतला. ग्रोव्हर नॉर्क्विस्ट यांनीं 1986 पासून चालविलेली ‘करवाढ करणार नाहीं’ ही लेखी शपथ पक्षाच्या उमेदवारांस जवळजवळ बंधनकारक झाली. खर्च न वाढविण्याची तशी शपथ कोणीं आग्रहानें घ्यावयास लावल्याचें दिसत नाहीं. धाकट्या बुश यांनीं 2001 आणि 2003 सालीं कर उतरविले, दोन युद्धें चालविलीं, आणि त्याच 2003 सालीं वृद्धांच्या औषधांचा नवा भार सरकारवर घेतला. 2017 च्या कायद्यानें कंपन्यांवरील दर 35 वरून 21 वर आणिला. त्या कायद्यांतील बऱ्याच सवलती 2025 सालीं कायम झाल्या, तेव्हां कर्ज 36 लक्ष कोटि डॉलरांच्या वर गेलें होतें. त्याच वर्षीं याच पक्षाच्या अध्यक्षांनीं परदेशी मालावर सरसहा जकाती जाहीर केल्या. जकात हाहि करच. पण शपथ घेतलेल्यांपैकीं फारच थोड्यांना तो तसा दिसला.

विरुद्ध पक्ष हिशेबांत चोख होता असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. जॉन्सन यांनीं व्हिएतनामचें युद्ध आणि घरचें लोककल्याण एकाच वेळीं चालवून पुढच्यांच्या पदरीं महागाई टाकली. मात्र 1998 ते 2001 या चार वर्षांत अंदाजपत्रकांत शिल्लक पडली, ती बहुतेक काळ डेमोक्रॅट अध्यक्ष आणि रिपब्लिकन काँग्रेस एकमेकांच्या उरावर बसले असतां पडली, हा योगायोग चिंतनीय आहे.

करद्वेष स्थितिवादाच्याच मुळावर कसा येतो याचें उत्तम उदाहरण कॅलिफोर्नियांत सांपडतें. जून 1978 मध्यें तेथील मतदारांनीं घरजमिनीवरील कर मूल्याच्या शेंकडा एक इतक्यावर बांधून टाकला. घरांच्या किंमतीबरोबर घरपट्टी चढत गेल्यानें म्हातारींकोतारीं माणसें खरोखर हवालदिल झालीं होतीं. त्यांचा राग खोटा नव्हता. परंतु परिणाम काय झाला? गांवच्या शाळा आणि नगरपालिका ज्या उत्पन्नावर उभ्या होत्या तें आटलें, आणि त्या मदतीसाठीं संस्थानाच्या राजधानीच्या दारांत उभ्या राहिल्या. सत्ता लोकांच्या जवळ असावी हें ज्यांचें तत्त्व त्यांनींच ती दूर नेऊन ठेविली.

आतां पुस्तकाच्या सर्वांत दुबळ्या भागाकडे वळूं. काळ्या आणि गोऱ्या मुलांनीं एका शाळेंत शिकावें हें आपणांस न्याय्य वाटतें, असें गोल्डवॉटर म्हणतात. पण तें मत मिसिसिपीच्या लोकांवर लादण्याचा अधिकार वॉशिंग्टनला नाहीं, आणि 1954 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय घटनेला धरून नाहीं. मनुष्य वर्णद्वेष्टा नव्हता. अॅरिझोनाच्या राष्ट्रीय हवाई दलांतील वर्णभेद काढण्यांत त्यांचा हात होता. यामुळेंच हें प्रकरण अधिक खेदजनक वाटतें. ‘मिसिसिपीचे लोक’ म्हणतांना त्यांच्या मनांत कोण होतें? तेथील काळे रहिवासी त्या लोकांतच मोडत होते, आणि त्यांतील बहुतेकांना मतपेटीपर्यंत पोहोंचूं दिलें जात नव्हतें. मताचा हक्क पंधराव्या दुरुस्तीनें संरक्षिला आहे हें ग्रंथकार मान्य करतात, आणि तो हक्क जेथें पायदळीं तुडविला जातो तेथील ‘लोकेच्छे’चा मान मात्र राखतात. सत्ता आपल्या गांवची असली म्हणजे मायाळूच असते असें नाहीं. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हें सांगावयास नको. 1964 च्या नागरी हक्कांच्या कायद्याला सेनेटमधील 27 रिपब्लिकनांनीं अनुकूल मत दिलें, 6 जणांनीं प्रतिकूल. गोल्डवॉटर त्या सहांत होते. त्यांना मिळालेल्या 6 संस्थानांपैकीं एक त्यांचें स्वतःचें आणि उरलेलीं 5 दक्षिणेंतील होतीं. पक्षाचें पुढचें सारें भवितव्य त्या आंकड्यांत लिहिलेलें होतें.

आणखी एक विसंगति. ज्या अॅरिझोनानें त्यांना घडविलें तें वाळवंट मध्यवर्ती सरकारनें बांधलेल्या धरणांवर आणि लष्करी तळांवर फुललें; कोलोरॅडो नदीचें पाणी तेथें नेण्याची जी प्रचंड योजना 1968 सालीं मंजूर झाली तिचा स्वतः गोल्डवॉटर यांनीं पुरस्कार केला होता. पुस्तकाचें शेवटचें आणि सर्वांत लांब प्रकरण सोव्हिएट संकटावर आहे. त्यांत लष्करी वर्चस्वासाठीं सरकारनें किती खर्चावें याला सीमा दिसत नाहीं. घरांत ज्या सरकारवर शिक्षकाचा पगार देण्याइतका विश्वास नाहीं, त्याच्या हातीं अणुबाँब मात्र निर्धास्तपणें सोंपवावयाचे!

एवढें असूनहि हा ग्रंथकार आम्हांस त्याच्या वारसांपेक्षां आवडतो. 1974 च्या ऑगस्टमध्यें निक्सन यांना सेनेटमध्यें त्यांचा निभाव लागणार नाहीं हें तोंडावर सांगावयास जे तिघे गेले त्यांत गोल्डवॉटर होते, आणि तिघेहि निक्सन यांच्याच पक्षाचे. ज्यांना वेळ थोडा आहे त्यांनीं सबंध पुस्तक न वाचतां कर आणि खर्च यांवरील प्रकरण तेवढें वाचावें. अर्ध्या तासाचें काम आहे. आमची प्रत आम्हीं त्या विद्यार्थ्याला दिली आहे, आणि नागरी हक्कांचें प्रकरणहि वगळूं नको असें बजावून ठेविलें आहे.