बोली इथली, प्रयोग तिकडे

शनिवार-रविवारच्या वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडलं की पुण्याचं बालगंधर्व आणि दादरचं शिवाजी मंदिर ठरल्या जागी दिसतातच. आता त्यात मराठी स्टँडअपच्या कार्यक्रमांची भर पडली आहे. यातला काही विनोद मराठवाडी बोलीवर उभा असतो. ‘करूलालाव’ म्हणणारं पात्र विंगेतून बाहेर आलं, की विनोदाआधीच हशा ठरलेला. अशी क्रियापदं रोज बोलणाऱ्या धाराशिव जिल्ह्याचं नाव मात्र त्या पानावर क्वचितच सापडतं.

जिल्ह्याला नाटकाचं वावडं आहे, असं कुणी म्हणू नये. एप्रिल २०१७ मध्ये ९७वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन धाराशिव शहरातच भरलं, जयंत सावरकर अध्यक्ष होते. जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलनही झालं. मांडव पडले, भाषणं झाली, मांडव उतरले. महिन्याकाठी एक तरी व्यावसायिक नाटक हमखास लागेल, अशी घडी काही बसली नाही.

कारण हिशेबात आहे. नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांची बस, प्रत्येकाची ‘नाइट’ (एका प्रयोगाचं मानधन), मुक्काम आणि नाट्यगृहाचं भाडं एका प्रयोगातून वसूल व्हायला हवं. म्हणून दौरा सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात थांबतो आणि धाराशिवचा रसिक सत्तरेक किलोमीटर जाऊन रात्री उशिरा परततो. ज्याच्याकडे गाडी नाही तो टीव्हीवर ‘हास्यजत्रा’सारखे विनोदी कार्यक्रम पाहतो.

इथेच खरी हानी होते. टीव्हीच्या स्किटला दहा मिनिटांत हशा हवा असतो, मग बोली म्हणजे हेल आणि गावाकडचा माणूस म्हणजे बावळट, एवढंच समीकरण उरतं. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये हीच बोली वापरली. एकट्याने बावन्न पात्रं उभी केली, गिनीज बुकात नोंद झाली. त्यांच्या निधनानंतर माजलगावच्या संदीप पाठक यांनी तो प्रयोग पुढे नेला. त्यातही गावची माणसं गोंधळतात, भांडतात, फजीत होतात. पण हसू येतं ते त्यांच्या स्वभावाला. बोली हे तिथे केवळ माध्यम असतं. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे राजकुमार तांगडे यांच्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ने तर याच मातीतल्या भाषेत राजकारणाची सालटी काढली आणि पुण्या-मुंबईचे प्रेक्षक तिकीट काढून ती ऐकायला बसले.

‘वऱ्हाड’ला टेम्पोभर नेपथ्य लागलं नाही, हेही विसरता कामा नये. स्टँडअपला तर एक माइक पुरतो. ‘भाडिपा’सारख्या मंडळींनी यूट्यूबवरून मराठी स्टँडअपला तरुण प्रेक्षक मिळवून दिला, त्यात जिल्ह्यातल्या उमरगा-कळंबची पोरंही मोबाइलवर आहेतच. तुळजापूरच्या परिसरात तर संबळाच्या साथीने रात्रभर आख्यान लावणारा गोंधळी, मध्येच साथीदाराशी सवाल-जवाब करून झोपेला आलेल्यांना हसवून जागं ठेवत आला आहे. एकट्या-दुकट्याच्या जोरावर चालणारा खेळ इथल्या लोकांना शिकवावा लागणार नाही. तरीही स्टँडअपवाले पुण्याच्या पलीकडे निघाले तर बहुधा नाशिक-कोल्हापूरच गाठतात. मराठवाडी माणसावरचे विनोद मराठवाडी माणसांसमोर करून पाहायचं धाडस कमी पडतं, अशी शंका घ्यायला जागा आहे.

उपाय फार अवघड नाही. शुक्रवारी सोलापूर, शनिवारी धाराशिव, रविवारी लातूर असा एकच फेरा निर्मात्यांनी लावला, तर वाहतुकीचा खर्च तीन प्रयोगांत वाटला जातो. नाट्य परिषदेच्या स्थानिक शाखेने महिन्यातला एक शनिवार कायमचा राखून ठेवावा, नगरपालिकेने त्या दिवशीचं भाडं कमी करावं, आणि प्रेक्षकांनी पासाची वाट न पाहता तिकीट काढावं.