हिमावरची नावे

नालासोपाऱ्यात राहणाऱ्या माणसाने अंटार्क्टिकातील स्मारकांवर लिहावे, याचे कुणाला हसू येईल. परंतु आमचे गाव म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. येथून समुद्रावर गेलेली आणि परत न आलेली माणसे किती असतील, हा विचार मनात येतोच. म्हणून दूर जाऊन कामी आलेल्यांचे स्मारक कसे असावे, हा प्रश्न मला परका वाटत नाही.

लंडनच्या वॉटर्लू प्लेसमध्ये कॅप्टन स्कॉटचा ब्राँझचा पुतळा आहे. १९१५ साली अनावरण झालेला हा पुतळा त्याची पत्नी कॅथलीन हिनेच घडविला. शिल्प देखणे आहे, यात शंका नाही. पण दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये मृत्यू पावले पाच जण; उंचावर उभा आहे तो एकटा नायक. उलट, अंटार्क्टिकातील ऑब्झर्व्हेशन टेकडीवर सहकाऱ्यांनी जानेवारी १९१३ मध्ये लाकडी क्रूस रोवला. त्यावर पाचही नावे कोरलेली आहेत. कलाकृती म्हणून तो साधाच. तरीही मला तो अधिक खरा वाटतो.

ही दृष्टी आपल्याकडेही जुनी आहे. बोरिवलीच्या एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. स्वर्गाला जाणारा वीर त्यात आहेच. पण नावा वल्हवणाऱ्यांनाही शिल्पकाराने वगळलेले नाही.

भारताचेही असे एक स्मारक अंटार्क्टिकात आहे. ८ जानेवारी १९९० रोजी नवव्या भारतीय मोहिमेतील चौघे हम्बोल्ट पर्वतातील छावणीत अपघाताने मरण पावले. तिघे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञ, चौथा नौदलाचा संदेशवहन तंत्रज्ञ. 'इंडिया पॉइंट' येथे या चौघांचा मिळून एकच स्मृतिफलक आहे. शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ असा भेद तेथे उरला नाही, हेच त्याचे मोठेपण. अंटार्क्टिक कराराच्या ऐतिहासिक स्मारकांच्या यादीत तो ७८ वा आहे.

उणीव एकच: तो वाचायला तुम्ही-आम्ही जाणार कसे? वाचणाऱ्यावाचून स्मारक अपुरेच राहते.

धनत्रयोदशीला अपमृत्यू टळावा म्हणून आपण दक्षिणेकडे वात करून यमदीप लावतो. यंदा मुलांनी विचारले, "दक्षिणेलाच का?", तर नेहमीचे उत्तर द्यावे आणि त्याच दिशेला खूप दूर राहिलेल्या या चौघांची हकीकतही सांगावी. त्या फलकाचे राहिलेले काम तेवढ्याने पुरे होईल.