दगड आणि रिंगण

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या चित्रपटाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे बालकलाकार म्हणून गौरविला गेला. जातिव्यवस्थेवरील भाष्य म्हणून या कलाकृतीची चिकित्सा झाली, तशीच कोवळ्या प्रेमाची शोकांतिका म्हणूनही झाली. प्रस्तुत लेखात तिच्याकडे एका निराळ्या अंगाने पाहावयाचे आहे. चुकलेल्या मुलाला कोर्टाची पायरी चढावयास न लावता त्याच्या गावाने, त्याच्या समाजानेच त्याला सावरावे, असा विचार आज जगभर मांडला जातो. विचार चांगला आहे. परंतु ज्या गावाने सावरावयाचे, ते गाव कसे आहे, हा प्रश्न उरतोच. ‘फँड्री’ हा प्रश्न शब्दांत विचारीत नाही. त्याचे उत्तर मात्र ती निर्दयपणे दाखविते.

कथेतले गाव आपल्याच जिल्ह्यातले आहे. नगरजवळचे अकोळनेर. मंजुळे यांचे संज्ञापनशास्त्राचे शिक्षणही नगरलाच झाले, तेव्हा ही माती त्यांच्या परिचयाची. गावाबाहेर राहणाऱ्या कैकाडी कुटुंबातला जब्या शाळेत जातो, वर्गातल्या शालूवर मन जडवून बसतो आणि काळ्या चिमणीच्या शोधात रानोमाळ हिंडतो. जत्रेच्या मिरवणुकीत इतर मुले नाचतात, तेव्हा याच्या डोक्यावर दिवा असतो. शेवटी गावातली डुकरे धरण्याचे काम बापावर येते आणि शाळेच्या शेजारीच, सोबत्यांच्या डोळ्यांदेखत, साऱ्या कुटुंबाला डुकरामागे धावावे लागते. गाव हसते, पोरे चिडवतात. धरलेले डुकर खांद्यावरून वाहून नेले जाते, ते शाळेच्या भिंतीवरील आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांच्या चित्रांसमोरून. आणि मग जब्या दगड उचलतो. शेवटचा दगड थेट प्रेक्षकाच्या रोखाने येतो व पडदा काळा होतो.

समीक्षकांनी हा दगड विद्रोहाचे प्रतीक मानला. ते योग्यच आहे. पण क्षणभर प्रतीक बाजूला ठेवू या. दगड लागला, कोणाचे डोके फुटले, तर पुढे काय? कायद्याच्या भाषेत जब्या हा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ठरेल. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. तेथे एका दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि त्या दोघांपैकी निदान एक स्त्री असते. मुलाच्या आणि समाजाच्या हिताला बाध येत नसेल, तर न्यायालयीन कारवाईवाचून मार्ग काढावा, हे तत्त्व या कायद्याने स्पष्ट शब्दांत स्वीकारले आहे. समज देणे, समुपदेशन, समाजसेवेचे काम, आईबापांच्या देखरेखीखाली घरी पाठविणे, असे अनेक उपाय त्यात आहेत. न्यूझीलंडने याहून पुढचे पाऊल १९८९ मध्येच टाकले. माओरी लोकांच्या चालीरीतींपासून बोध घेऊन तेथील कायद्याने मुलाचे नातलग, ज्याचे नुकसान झाले तो आणि पोलीस यांना एकत्र बसवून तोडगा काढण्याची रीत घालून दिली.

आता असे रिंगण आपण चित्रपटातल्या अकोळनेरात भरवून पाहू. आपल्याकडे त्यासाठी चौकटही आहे. २००७ साली राज्य शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली आणि गावोगाव समित्या स्थापन झाल्या. या गावची समिती बसली, तर तिच्यात कोण असेल? ज्यांनी डुकरे धरावयास फर्मावले ते असतील. जे कुंपणापाशी उभे राहून हसले, त्यांचे बापही असतील. जब्याचा एक दगड नोंदला जाईल. त्याच्यावर रोज पडणारे शब्दांचे दगड कोणी मोजणार नाही. आणि त्याचा बाप कचरू? किशोर कदम यांनी ही भूमिका इतक्या वाकलेल्या मानेने उभी केली आहे की, कोणी विचारण्यापूर्वीच तो हात जोडील, आणि गावाचे समाधान व्हावे म्हणून पोराला तेथेच मारील. चित्रपटात तो मारतोच. हा तंटा मिटेल, पण न्याय होणार नाही. तंटा मिटणे आणि न्याय होणे यांतील अंतर इतक्या कमी शब्दांत दाखविणारी दुसरी मराठी कलाकृती मला चटकन आठवत नाही.

तथापि या कलाकृतीत उणिवा नाहीत असे नव्हे. शालू हे पात्र अखेरपर्यंत जब्याच्या नजरेतूनच दिसते. तिला काय वाटते, हे आपणांस कळत नाही. शाळा आहे, पण जब्याच्या पाठीवर हात ठेवणारा शिक्षक नाही. स्वतः मंजुळे यांनी रंगविलेला सायकलदुकानदार चंक्या तेवढा मुलावर विश्वास टाकतो. पण गावात त्याच्याच शब्दाला किंमत नाही. हे वास्तव असेलही. परंतु गावात एकही मध्यस्थ नाही असे ठरविले की दगडाखेरीज मार्ग उरत नाही, आणि कलावंताने तो निष्कर्ष आधीच योजून ठेवला होता की काय, अशी शंका येते.

कारण आपल्याच जिल्ह्याचा अनुभव इतका एकरंगी नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने इतरत्र नापास झालेल्या, वाया गेलेल्या म्हणून हिणवलेल्या मुलांना आपल्या शाळेत व वसतिगृहात मुद्दाम प्रवेश दिला. गाव मुलाला सावरू शकते, याचा हा पुरावा होय. पण त्याच गावात दारूबंदीच्या काळात दारू पिणाऱ्यांना देवळाच्या खांबाला बांधून फटके दिले गेले, हेही अण्णा हजारे यांनी स्वतः सांगितले आहे. गाव तेच होते आणि हेतूही चांगलाच होता. परंतु एकदा त्याच्या हातात वही आली, तर दुसऱ्यांदा पट्टा. समाजाच्या हातातील पट्ट्याला आवर घालण्यासाठीच अखेर महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा कोर्टाला पर्याय हवा म्हणताना कोर्टाचे दार बंद करून चालणार नाही. ज्या मुलाला रिंगणात न्याय मिळत नाही, त्याला त्यातून उठून मंडळाकडे जाता आले पाहिजे.

आपल्या पडद्यावरील करुणा बहुधा एकाच थोर माणसाच्या रूपाने येते. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधील जेलर सहा खुनी कैद्यांना मोकळ्या शेतावर नेतो. ग. दि. माडगूळकरांच्या या कथेमागे औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीचा खरा प्रयोग होता. तेथे कैदी बदलतात. बदलत नाही तो बाजार. प्रामाणिकपणे भाजी विकणाऱ्यांवर व्यापारीच गुंड घालतात. मंजुळे यांच्याच ‘झुंड’ (२०२२) या हिंदी चित्रपटात नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल देणारा शिक्षक आहे. विजय बारसे यांच्या कार्यावर तो आधारलेला आहे. ‘झुंड’ कलादृष्ट्या ‘फँड्री’इतका बांधेसूद नाही, भाषणांचा मोहही त्याला आवरलेला नाही. पण एका बाबतीत तो पुढे गेला आहे. ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते, त्यांना मैदानात उभे करून तो समोरच्यांना पाहावयास लावतो. मात्र तेथेही प्रश्न तोच राहतो. सर निवृत्त झाल्यावर काय? करुणा एका माणसावर सोपवून समाजाने नामानिराळे राहावे काय?

योहानाच्या शुभवर्तमानातील एका प्रसंगाची येथे आठवण होते. तेथेही एक रिंगण आहे, मध्ये एक अपराधी स्त्री आहे आणि दगड रिंगणातल्यांच्या हाती आहेत. प्रभू तिच्या अपराधाला पुण्य म्हणत नाहीत. पुन्हा पाप करू नकोस, असेच ते तिला सांगतात. पण त्याआधी ते रिंगणालाच प्रश्न करतात, आणि प्रथम निघून जातात ते वडीलधारे. ‘फँड्री’त हेच चित्र उलटे झाले आहे. रिंगणाला प्रश्न करणारा कोणी नाही, म्हणून दगड मधल्या मुलाच्या हाती आला.

आपल्यापैकी अनेकांच्या आजापणजांनी गावकुसाबाहेरचे जिणे सोसले आहे. जब्याच्या डोक्यावरील दिव्याचे ओझे आपणांस पुस्तकातून शिकावे लागत नाही. तरीही वस्तीतला एखादा मुलगा चोरीच्या मोबाइलसह सापडला, तर ‘त्यांच्या घरचे वळणच तसे’ हे वाक्य आपल्याही ओठांवर प्रथम येते. त्या मुलाने मोबाइल परत करावा, ज्याचा होता त्याच्यापुढे बसून त्याचे ऐकावे, झालेले नुकसान काम करून भरावे. हे झालेच पाहिजे. परंतु त्या बैठकीत मुलाच्या बाजूने बोलणारा एक जण असावा, आणि त्याला शाळा का सुटली हे विचारून आपला वाटा कबूल करणाराही एक जण असावा. धर्मग्रामाला हे अशक्य नाही. ‘फँड्री’च्या गावात या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. शेवटचा दगड प्रेक्षकाकडे येतो, तो बहुधा त्याच खुर्च्यांकडे बोट दाखविण्यासाठी.