झाकली मूठ

कडोलीच्या पारावर पिस्तुलाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मामा, गोळी किती लांब जाती हो?" दुसराही ठरलेलाच. "एका गोळीत गडी पडतोय काय?" मी सांगतो, गोळी लांब जाते, पण पिस्तुलानं लांबचं काही लागत नाही, पंचवीस मीटरवरचा पुठ्ठ्याचा माणूस लागला तरी पुष्कळ. पोरांचे चेहरे पडतात. सैन्यातून घरी आल्याला आता बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत वेगळा प्रश्न एकानंच विचारला, आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी. खुरप्याला मूठ आणि कुदळीला दांडा बसवण्यात त्यांची हयात गेली. रंधा बाजूला ठेवून ते म्हणाले, "हातात कसं बसत होतं रे ते?"

त्या दिवशी मला नीट सांगता आलं नाही. आता लिहून सांगतो.

मी आर्मरर होतो. बेळगाव म्हटलं की लोकांना मराठा लाइट इन्फन्ट्री आठवते. शंभर वर्षांहून अधिक काळ तिचं केंद्र इथं आहे आणि आमच्या भागात घरटी एक शिपाई असतो. मी मात्र ईएमईचा, म्हणजे हत्यारं चालवणारा नव्हे, दुरुस्त करणारा. नेमबाज पिस्तुलाकडे वरून बघतो, माशी आणि खाच एका रेषेत आणून. आर्मरर ते टेबलावर फडकं अंथरून खोलतो, तेलाच्या वासात. त्यामुळे माझी आवडनिवड थोडी वेगळी आहे. नेम चांगला बसतो म्हणून मला पिस्तूल आवडत नाही. आतली माणसाची अक्कल दिसली की आवडतं. आणि ९ मिलिमीटरच्या पिस्तुलात ती अक्कल नळीत नसते, मुठीत असते, असं माझं ठाम मत आहे.

कारण काडतूस तर सगळ्यांचं एकच. जॉर्ज लुगरनं १९०१-०२च्या सुमारास जर्मनीत ते तयार केलं. आधीच्या ७.६५ मिलिमीटरच्या काडतुसाचा गळा आवळलेला होता. तो मोकळा करून त्यानं त्यात ९ मिलिमीटरची गोळी बसवली. पितळी केस १९ मिलिमीटर लांब आणि बुडाकडून तोंडाकडे किंचित निमुळती. नुसत्या डोळ्यांना हा निमुळतेपणा कळत नाही, चिमटीत धरून फिरवलं की कळतो. केस नळीच्या घरात सहज शिरते आणि सहज सुटते ती त्यामुळेच. गोळीचं वजन साडेसात-आठ ग्रॅम. सगळ्याच ‘नाइन एमएम’ एक नसतात, हेही सांगायला हवं. १९४८ साली बिर्ला भवनात गांधीजींवर वापरलं गेलेलं बेरेटा पिस्तूल ९ मिलिमीटरचंच, पण त्याचं काडतूस १७ मिलिमीटरचं, वेगळं. आमच्या हातात यायची ती काडतुसं पुण्याच्या खडकीची. बुडावर ‘केएफ’ असा ठसा, म्हणजे किरकी फॅक्टरी. इंग्रजाला खडकी म्हणता आलं नाही, त्या चुकीचा शिक्का पितळेवर अजून उमटतो आहे.

तर काडतूस एकच, माणसाचा पंजाही थोड्याफार फरकानं एकच. मग प्रश्न उरतो तो एवढाच की या पंजात किती काडतुसं मावतील. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतलं प्रत्येक नाणावलेलं ९ मिलिमीटरचं पिस्तूल म्हणजे या प्रश्नाचं एकेक उत्तर आहे.

लुगरचं स्वतःचं उत्तर आठ. जर्मन सैन्यानं १९०८ साली घेतलेलं ते पिस्तूल मी एकदाच हाताळलं, तेही एका संग्रहातलं. त्याची मूठ इतकी तिरकी की हात उचलला की नळी आपोआप समोर येते, बोट दाखवावं तशी. वरचा सांधा मात्र गुडघ्यासारखा दुमडतो, आणि त्या गुडघ्याला धूळ सोसत नाही. देखणं आहे, यात वाद नाही. पण नाजूक माणसासारखं, चार दिवस पाहुणा म्हणून ठीक.

आता माझ्या पिस्तुलाकडे येतो. कागदावर त्याचं नाव ‘पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए’, कारखाना बंगालमधली इशापूरची रायफल फॅक्टरी. खानदानी नाव ब्राउनिंग हाय-पॉवर. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिरानं ते बेल्जियममधल्या एफएन कंपनीसाठी रचायला घेतलं, फ्रेंच सैन्याच्या मागणीवरून. त्याची अडचण बघा. १९११चं गाजलेलं कोल्ट पिस्तूल त्याचंच, पण त्याचे हक्क कोल्ट कंपनीकडे. म्हणजे आपल्याच चिजेतल्या जागा याला पुन्हा घेता येईनात. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममधल्या लिएज इथं तो गेला, काम अर्धं टाकून. पुढचं काम केलं दिउदोने सैव या त्याच्या सहकाऱ्यानं. १९२८च्या सुमारास कोल्टची पेटंटं संपली, तेव्हा सैवनं जुन्यातलं चांगलं ते परत आणलं, अनावश्यक ते काढलं आणि १९३५ साली पिस्तूल पुरं झालं. धारवाड-बेळगावच्या मातीत बंदिश एकाची आणि गाणं दुसऱ्याचं हे कुणाला नव्यानं सांगायला नको. सैवचं नाव मात्र पिस्तुलावर कुठंच नाही.

मॅगझीन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, ही सैवची करामत. तेरा गोळ्या. एकाखाली एक रचल्या तर मूठ वीतभर लांब होईल, म्हणून त्यानं त्या दोन रांगांत अशा बसवल्या की एका रांगेतली गोळी दुसरीतल्या दोन गोळ्यांच्या खाचेत टेकते. कल्पना अगदी कोरी नव्हती; कमी जोराच्या काडतुसासाठी अमेरिकेत कुणी तरी ती आधी वापरली होती. पण लष्करी काडतूस आणि तेही तेरा, हे धाडस इथलं. मॅगझीनच्या तोंडाशी ह्या दोन रांगा एक होतात. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या दर्शनाची गर्दी गाभाऱ्याच्या दाराशी जशी एकेरी होते तशी; फरक एवढाच की इथं ढकलाढकली होत नाही.

पण दोन रांगा घेतल्या की मूठ जाड व्हायला पाहिजे. हाय-पॉवरची होत नाही. का होत नाही, हे मला नोकरी लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळलं आणि त्या दिवशी मी जेवायला उशिरा गेलो.

चाप पुढं असतो, घोडा मागं. चापानं घोड्याला ‘सुट’ असा निरोप धाडायचा, तर मधे मॅगझीन आडवं. कोल्टमध्ये तो निरोप मॅगझीनच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून जातो, म्हणजे दोन्हीकडे पोलादाची पट्टी आणि तेवढी मूठ रुंद. हाय-पॉवरमध्ये चापामागची छोटी दांडी सरळ वर जाते, वरच्या सरकत्या भागात, स्लाईडमध्ये, दडवलेल्या तरफेला टोचते, आणि ती तरफ मागच्या बाजूला खाली दाबते. निरोप मॅगझीनच्या डोक्यावरून जातो. सोप्यात पाहुणे झोपलेले असावेत आणि घरच्या माणसानं माळ्यावरून परसात उतरावं, तसा. मुठीत दोन्हीकडची जागा वाचली, तेवढीच. पण तेवढ्यानंच पिस्तूल पंजात असं बसतं की जड असूनही जड वाटत नाही. किलोभर वजनाचं ते लोखंड आहे, हे होल्स्टर कमरेला दिवसभर वागवल्यावर कळतं. मुठीत असताना नाही.

या वाटेची किंमतही आहे. निरोप चार हातांतून जातो म्हणून चाप दाबताना थोडा रेंगाळतो. कोल्टचा चाप काच तडकावी तसा सुटतो, याचा नाही.

नळीखालचा कंगोरा हे दुसरं सुख. गोळी सुटली की नळी आणि स्लाईड एकमेकींना धरून थोडं मागं येतात. मग नळीखालचा तो तिरका कंगोरा फ्रेममधल्या आडव्या दांड्यावर घासून नळीचं बूड खाली ओढतो आणि दोघी सुटतात. कोल्टमध्ये याच कामाला एक झुलती कडी होती, कडीला पिन होती. इथं कडी नाही, पिन नाही. आकारच काम करतो. चिंदी फिरवून तेल पुसल्यावर त्या तिरक्या पोलादावर उजेड पडतो तेव्हा मला कारागिराचा हेवा वाटतो.

दोष सांगायचे तर दोन. एक, घोडा चावतो. पंजा मांसल असेल तर मागं येणारा घोडा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी चिमटतो, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी कळतही नाही की रक्त कुठून आलं. दुसरा दोष की गुण, यावर माझं आणि आमच्या एका नेमबाज सुभेदारसाहेबांचं कायम भांडण. मॅगझीन काढलं की हे पिस्तूल चालत नाही. फ्रेंचांचा तसा आग्रह होता. त्यासाठी चापात एक खुंटी आहे, ती मॅगझीनच्या पोटाला घासते; चाप आणखी जड होतो आणि मॅगझीन खटक्यानं आपोआप खाली पडत नाही, ओढावं लागतं. साहेब म्हणत, ही खुंटी काढली तर पिस्तूल सोनं होईल. मी म्हणत असे, साहेब, मॅगझीन काढलं म्हणजे हत्यार रिकामं झालं असं समजून नळीतल्या गोळीनं लोक मरतात. ते रेंजवरून बोलत, मी कोतेच्या, म्हणजे शस्त्रागाराच्या, दारात उभा राहून. हत्यारं रोज जिथं आत-बाहेर होतात तिथं उभं राहिलं की मत बदलतं.

या पिस्तुलाचं नशीबही विचित्र. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम पडल्यावर जर्मनांनी तो कारखाना आपल्या सैन्यासाठी चालवला, आणि सैवची माणसं इंग्लंडला निसटली. मग कॅनडात टोरंटोच्या जॉन इंग्लिस कंपनीत हेच पिस्तूल दोस्तांसाठी बनू लागलं. चीनसाठी बनवलेल्या नगांवर तर ५०० मीटरपर्यंतची मापं कोरलेली मागच्या खाचेची पट्टी होती. पारावरच्या पोरांना हे सांगितलं तर ती खूश होतील. मी सांगत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. आफ्रिकेत शांतिसेनेबरोबर होतो तेव्हा इतर देशांच्या आर्मररांशी दोस्ती झाली आणि त्यांची पिस्तुलं टेबलावर आली. इटलीच्या बेरेटा ९२चं उत्तर पंधरा. या घराण्याचा व्यवसाय १५२६ पासूनचा आणि १९८५ पासून तीसेक वर्षं अमेरिकन सैन्यानं हेच वापरलं. वरून उघडी स्लाईड, त्यातून दिसणारी नळी. ही नळी वाकत नाही, सरळच मागं जाते. रूपवान आहे. पण मूठ जाड, आमच्याकडच्या बेतानं बारीक पंजाला चापापर्यंत बोट ताणावं लागतं. चेकोस्लोव्हाकियाचं १९७५ सालचं सीझेड मला अधिक भावलं. कोउत्स्की बंधूंची ती रचना. तिथं स्लाईड फ्रेमच्या बाहेरून नव्हे, आतून धावते, म्हणून पिस्तूल हातात खोल बसतं. हाय-पॉवरनंतर मुठीचा एवढा विचार मला दुसरीकडे दिसला नाही. स्वित्झर्लंड-जर्मनीचं सिग पी २२६ खोलायला मिळालं नाही, म्हणून बोलत नाही.

ग्लॉकवर मात्र बोलावं लागतं. ऑस्ट्रियाच्या गास्टन ग्लॉकला पिस्तुलाचा अनुभव शून्य. तो पडद्याच्या दांड्या आणि सैन्यासाठी चाकू बनवत असे. १९८२ साली ऑस्ट्रियन सैन्यानं त्याचं पिस्तूल घेतलं, आज आपल्या एनएसजीच्या कमरेलाही ते आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसलो. प्लॅस्टिकची फ्रेम, रांगोळीच्या डब्यासारखी. खोलल्यावर हसू थांबलं. सगळे मिळून चौतीसच भाग. आणि मुठीचा प्रश्न त्यानं मुळातूनच सोडवलेला: लोखंडी फ्रेम आणि तिच्यावर लाकडी पट्ट्या हा प्रकारच नाही, पातळ प्लॅस्टिकची भिंत हीच फ्रेम आणि हीच मूठ. त्यात सतरा मावतात. हिशेबात ग्लॉक जिंकलं, हे मान्य. पण धरल्यावर वीट धरल्यासारखं वाटतं, आणि ते खोलण्याआधी रिकामा चाप दाबावाच लागतो. आर्मररच्या टेबलावर ही सवय मला आवडत नाही. हाय-पॉवर खोलायला चापाला हात लावावा लागत नाही.

आता आपल्याकडचं एक. २०२१ साली महूच्या इन्फन्ट्री स्कूलमधल्या लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेबरोबर ‘अस्मी’ नावाचं ९ मिलिमीटरचं मशीन पिस्तूल चार महिन्यांत उभं केलं. बातमी वाचून ऊर भरून आला. रसग्रहण करणार नाही; हात लावलेला नाही.

एफएन कंपनीनं हाय-पॉवर २०१८च्या सुमारास बंद केलं आणि २०२२ साली त्याच नावाचं नवं काढलं. सतरा गोळ्या, घोडा चावत नाही, ती खुंटीही काढून टाकलेली. सुभेदारसाहेब जिंकले. पण नुसत्या नावावर मी ते हाय-पॉवर मानायला तयार नाही.

आपल्याकडे ९ मिलिमीटर हा नागरिकांना निषिद्ध बोअर आहे. परवाना काढला तरी ०.३२ मिळतं, आणि तेही निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. म्हणजे या वस्तूची रसिकता नोकरीबरोबर सुरू होते आणि कोतेच्या रजिस्टरवर शेवटची सही केली की संपते. सुतारकाकांना मी शेवटी शिसवीच्या तुकड्यावर मूठ काढून दाखवली, आठवणीनं. त्यांनी ती दोनदा हातात फिरवली, बोटांच्या जागा चाचपल्या आणि म्हणाले, "ह्यो गडी खुरपं करणारा असता तर माझं पोट भरलं नसतं."

लष्कर अधूनमधून लोकांसाठी शस्त्रांचं प्रदर्शन भरवतं. पोरांना घेऊन जाल तेव्हा मशीनगनपुढची गर्दी सोडा. कडेच्या टेबलावर पिस्तूल असेल, तिथं उभ्या जवानाला सांगा, दादा, जरा मॅगझीन काढून दाखवा. आणि मग मूठ बघा, मागून.