एकाच शाईतले दोन 'कमी'

यवतमाळ जिल्ह्यातील एका शिक्षक-शिबिरात एका गुरुजींनी आम्हांला आपल्या रक्ततपासणीचा अहवाल दाखविला. दर मिलिलिटर रक्तद्रवात ड जीवनसत्त्व २४ नॅनोग्रॅम, ब-१२ जीवनसत्त्व १६० पिकोग्रॅम. दोन्हींपुढे ठळक अक्षरांत एकच शेरा : 'कमी'. गुरुजींची घरची कपाशी आहे. "सर, रोज वावरात असतो मी. मंग मले ऊन कमी पडते?" असा त्यांचा रोकडा सवाल.

आमचा आक्षेप तपासणीवर नाही, अहवालाच्या शेवटच्या रकान्यावर आहे. तेथे ड जीवनसत्त्वाची मर्यादा ३० छापली होती. ती कोठून आली? अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०११ साली २१ ते २९ ही पातळी 'अपुरी' ठरविली. पण २०१० च्या अखेरीस तेथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हाडांच्या आरोग्यासाठी २० पुरेसे मानले होते. म्हणजे २४ वाले गुरुजी एका कागदावर नापास, दुसऱ्यावर पास! शिवाय २० हीसुद्धा रोगाची सीमा नव्हे. जवळजवळ सर्वांची गरज ज्यात भागते अशी ती पातळी आहे. सरासरी गरज १६ च्या आसपास भरते. वर्गातल्या सर्वांत उंच मुलाला लागेल तेवढे कापड मोजावे आणि त्याहून कमी कापडात ज्याचा सदरा झाला त्याला उघडा म्हणावे, असा हा प्रकार. २०२४ साली सोसायटीने ३० चा आग्रह स्वतःच सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको, असेही सुचविले.

मग ब-१२ चा 'कमी'ही तसाच का? नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी खेडी, झोपडपट्टी आणि मध्यमवर्गीय वस्ती येथील ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के जणांचे ब-१२ हे १५० पिकोमोल प्रति लिटर, म्हणजे सुमारे २०३ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, या रेषेखाली निघाले. इतकी माणसे रेषेखाली म्हटल्यावर रेषेचाच संशय यावा. पण त्यांनी होमोसिस्टीनही मोजले होते. या द्रव्याचे मेथिओनिनमध्ये रूपांतर होण्यास ब-१२ व फोलेट लागतात. ती नसली की ते रक्तात साचते. ५८ टक्के जणांत ते वाढलेले होते. पुढे पुण्याजवळच्या खेड्यांत रोज अवघे २ मायक्रोग्रॅम ब-१२ दिल्यावरही ते उतरले. आकडा कमी होता आणि कामही अडले होते, हे असे सिद्ध झाले. (फोलेटची उणीव किंवा मूत्रपिंडाचा विकार यांनीही होमोसिस्टीन वाढते, हे विसरू नये.)

गुरुजी शाकाहारी, दूधही फक्त चहापुरते. हातापायांना मुंग्या येतात, हे त्यांनी विचारल्यावर सांगितले. हिमोग्लोबिनच्या अहवालात तांबड्या पेशींचा सरासरी आकार मात्र 'योग्य' होता. ब-१२ च्या अभावी पेशी मोठ्या होतात, लोहाच्या अभावी लहान. दोन्ही उणिवा एकत्र आल्या की सरासरी मध्यम येते. त्या 'योग्य'वर विसंबून ब-१२ चा शेरा कोणी मनावर घेतला नव्हता. ड जीवनसत्त्वाच्या पुड्या मात्र दोन महिने चालू होत्या.