य. दि. फडके वाचताना : कागदात कोण सापडतं, कोण नाही?

संयुक्त महाराष्ट्र म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मोर्चे, शाहिरांचे डफ, अत्र्यांच्या सभा. पण एक प्रश्न उरतोच. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला द्वैभाषिक राज्य आलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. सुमारे सव्वाचार वर्षांत दिल्लीचा निर्णय दोनदा फिरला, तो कसा?

माझ्या प्रबंधाच्या कामात या प्रश्नासाठी मी सर्वांत आधी य. दि. फडक्यांकडे (१९३१–२००८) जाते. ते टाटा समाजविज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. ‘पॉलिटिक्स अँड लँग्वेज’ हे त्यांचं इंग्रजी पुस्तक याच चळवळीवर आहे. भाषेचा अभिमान एवढंच उत्तर देऊन ते थांबत नाहीत, हे त्याचं बळ. अभिमानाने माणसं रस्त्यावर येतात. निर्णय मात्र पक्ष, निवडणुका आणि वाटाघाटी यांतून होतो. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला दणका दिला, तेव्हा बोलणी करणाऱ्यांचं वजनच बदललं.

मराठीत त्यांनी ‘शोध बाळगोपाळांचा’ (म्हणजे टिळक आणि आगरकर), ‘शोध सावरकरांचा’ आणि ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’चे खंड लिहिले. माणूस कितीही पूज्य असो, आधी कागद दाखवा, ही त्यांची शिस्त.

माझा आक्षेप इथेच आहे. कागद ठेवतं कोण? पुढारी, संपादक, सरकार. परळ-लालबागचा गिरणी कामगार वाटाघाटीच्या टेबलाशी नव्हता. संप हीच त्याची बोलणी. त्याने टिपणं ठेवली नाहीत. म्हणून फडक्यांच्या इतिहासात पुढाऱ्याचा हिशेब तारीखवार कळतो आणि कामगार बहुतेक वेळा जमाव म्हणून भेटतो. त्याने काय मोजून-मापून संपाचा दिवस पदरात घेतला, पगार बुडाल्यावर खोलीचं भाडं कसं भरलं, हे कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय दिल्ली का नमली, याचं उत्तर अर्धंच राहतं.

२००० साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडकेच होते. जिथला सीमाप्रश्न सुटला नाही, त्याच गावात. तेव्हा त्यांचे खंड जुने झाले म्हणून बाजूला ठेवू नका. तारखांची चौकट अजून तीच वापरावी लागते. फक्त १९५६ मध्ये विशीत असलेली माणसं आज नव्वदीच्या घरात आहेत. गिरगावात, लालबागमध्ये तुमच्या घरी असे आजी-आजोबा असतील तर त्यांना आत्ताच विचारा, आणि लिहून ठेवा. पुढच्या फडक्यांना तोही कागद लागेल.