पिवळे टिपण, हिरवे टिपण

बृहन्महाराष्ट्रातील मराठी नियतकालिकाचा लेखकवर्ग बदलीच्या हुकमामागून चालणारा असतो. कथा भोपाळला सुरू होते, तिचा शेवट गुवाहाटीत सुचतो, आणि प्रुफे हाती येईपर्यंत लेखक दिल्लीच्या द्वारका उपनगरातील एखाद्या सोसायटीत सामान सोडवीत असतो. अशा लेखकाला छपाईस जाणारा मजकूर ब्राउझरमध्ये उघडून स्वतः सुधारण्याची मुभा द्यावी काय, आणि द्यावी तर कोठवर, हा प्रश्न वरकरणी यंत्राचा दिसतो. आमच्या मते तो साहित्याचा आहे.

या सोयीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रुफे टपालाने जात त्या काळी लेखकाची दुरुस्ती पुष्कळदा अंक बांधून झाल्यावर पोहोचे. पुढे संगणकावरील जुळणी आली, तरी हे अंतर मिटले नाही. श्रीलिपीसारख्या प्रणालींचे जुने फाँट आपापल्या स्वतंत्र संकेतांवर चालत. ज्याच्याजवळ तो फाँट नसे, त्याला मराठीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसे. लेख एकदा त्यात गेला की लेखकाच्या हातून सुटलाच. युनिकोड रूढ झाले, २००६ मध्ये गूगल डॉक्स आले, आणि एकच मजकूर अनेकांनी अनेक ठिकाणांहून एकाच वेळी सुधारणे साध्य झाले. ‘वऱ्हाडी’तला ऱ नीट उमटला आहे की नाही, हे आता द्वारकेतील लेखक आपल्या डोळ्यांनी पाहू शकतो.

परंतु ज्या दाराने लेखक आत येतो, त्याच दाराने इतरही येतात. आमच्या परिचयाच्या एका अंकात वऱ्हाडी संवाद असलेली एक कथा होती. तिच्यातील म्हातारी ‘मले’, ‘तुले’ असे बोले. मजकूर सर्वांना खुला होता. कोणा हितचिंतकाने ही रूपे अशुद्ध समजून ‘मला’, ‘तुला’ अशी केली; दुसऱ्याने क्रियापदेही त्यांच्याशी जुळवून घेतली. हेतू दोघांचाही निर्मळ होता. म्हातारी मात्र अकोल्याची राहिली नाही. ती सदाशिव पेठेत राहावयास आली. मजकुराच्या मागील आवृत्त्या जपलेल्या होत्या, म्हणूनच तिला परत आणता आले.

येथे ‘सत्यकथे’ची आठवण होते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करीत, उणिवा दाखवीत, पुनर्लेखन सुचवीत. लेखणी मात्र लेखकाच्याच हाती परत जाई. १९८२ मध्ये ते मासिक बंद झाले, पण संपादनाचा तो आदर्श अद्याप जुना झालेला नाही. त्या पत्रांना वेळ लागे, आणि त्या वेळातच लेखकाला आपले वाक्य पुन्हा तपासता येई. आता संपादकाला पत्र लिहिण्यापेक्षा वाक्य बदलून टाकणे सोपे झाले आहे. आणि लेखकालाही अंक छापखान्यात जाईपर्यंत विशेषणे हलवीत बसण्याचा मोह आवरत नाही.

यावरील उपाय आमच्या वाचकांच्या रोजच्या कामात आहे. सरकारी ई-ऑफिसात मसुद्याचे टिपण पिवळे असते. ते बदलता येते, टाकूनही देता येते. कायम केले की ते हिरवे होते. मग वरिष्ठालाही त्यात हात घालता येत नाही. मतभेद असेल तर तो आपल्या नावाने खाली नोंदवावा लागतो.

वाङ्मयाला फायलीची शिस्त लावणे काहींना अरसिकपणाचे वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. पिवळ्या अवस्थेत मजकूर बदलण्याचा अधिकार एकट्या लेखकाचा असावा. इतरांनी, संपादकानेही, आपल्या नावानिशी सूचना कराव्यात. ती सोय त्याच साधनात आहे. सूचना लेखकाने स्वीकारावी अथवा नाकारावी. आणि लेख घेणे की परत करणे, हा अधिकार संपादकाने राखावा. ठरलेल्या दिवशी पान हिरवे व्हावे आणि लेखकासह सर्वांना बंद व्हावे. त्यानंतर आठवलेली चूक पुढील अंकाच्या शुद्धिपत्रात जावी.

असे झाले तर बदलीच्या गावी बसलेल्या लेखकाला आपल्या पानापासून दूर पडल्यासारखे वाटणार नाही, आणि अकोल्याची म्हातारी छापून आल्यावरही ‘मले’च म्हणेल.